मॅडमनी टिंब दिलं

आमच्या टीममधल्या एका मुलाने एक चूक अकरा दिवस लपवून ठेवली. चूक तशी छोटी. एक्सेलमध्ये सॉर्ट मारताना अख्खं टेबल घ्यायच्या ऐवजी एकच कॉलम सिलेक्ट झाला, एक्सेलने विचारलं असणारच की बाबा बाजूचे कॉलम पण बरोबर घेऊ का, पण रात्री साडेआठला ते कोण वाचतंय, ‘आहे तेवढंच’वर क्लिक ठोकलं आणि झालं. नावं एका क्रमाने आणि त्यांच्यासमोरचे आकडे भलत्याच क्रमाने. यातली खरी गोम अशी की बेरीज बरोब्बर येते. टोटल जुळली की सगळे निर्धास्त, मी पण टोटल बघूनच फाइल पुढे पाठवली होती, हे आधीच सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं. आणि तिथून पुढे तो रोज ऑफिसला आला, रोज ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणाला, मीटिंगमध्ये ‘ऑन ट्रॅक’ म्हणाला, आणि गुपचूप पुढच्या महिन्याच्या फाइलमध्ये हे सगळं कसं सरळ करता येईल याची जुळवाजुळव करत राहिला. शेवटी क्लायंटकडच्याच कुणीतरी पकडलं आणि फोन आला तो थेट मला.

मी त्याला कोपऱ्यातल्या छोट्या मीटिंग रूममध्ये नेलं. चुकीचा राग नव्हता, खरंच नव्हता, राग होता तो लपवण्याचा. म्हटलं, “मी ओरडले का रे तुझ्यावर कधी?”

“नाही मॅडम.”

“मग सांगायला काय झालं होतं?”

बराच वेळ तो टेबलावरच्या एचडीएमआयच्या वायरीशी खेळत राहिला. मग हळूच म्हणाला, “तुम्ही ओरडत नाही मॅडम. तुम्ही ‘ओके’ लिहिता. पुढे फुलस्टॉप. आणि मग दोन दिवस बोलत नाही.”

मला हसूच आलं, म्हणजे काय, ओके लिहायची पण चोरी? पण त्या रात्री मी जुने चॅट उघडून बसले. आणि होतं की. काम चांगलं झालं असेल तर ‘मस्त’, ‘भारी झालंय’, दोन-दोन उद्गारचिन्हं. काही बिघडलं असेल तर नुसतं ‘ओके’ आणि त्यापुढे एक टिंब. महिनोन्‌महिने, न चुकता. मला स्वतःला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि टीममधल्या प्रत्येकाला ते पाठ होतं. नंतर कळलं की त्यांच्यात त्याला शब्दही होता. “आज मॅडमनी टिंब दिलं.” कुणाला टिंब पडलं की बाकीचे त्या दिवशी माझ्याकडे रजेचा विषयसुद्धा काढायचे नाहीत.

आता माझी स्वतःबद्दलची समजूत काय होती तेही सांगायला हवं, नाहीतर यातली गंमत कळायची नाही. मी स्वतःला चांगली बॉस समजत होते. नोकरीच्या सुरुवातीला मी फाइली टेबलावर आपटणारे साहेब बघितलेत, सगळ्या फ्लोअरसमोर एखाद्याला उभं करून ‘तुम्हाला पगार कशाचा मिळतो’ विचारणारे बघितलेत, तेव्हाच ठरवलं होतं की आपण कधी टीम लीड झालो तर आवाज चढवायचा नाही. आणि ते मी पाळलं. एकदाही आवाज चढवला नाही. मला वाटायचं झालं, चांगुलपणाचा पेपर पास.

‘राजा बोले दल हाले’ म्हणतात ते जुनं झालं. आता राजाने बोलायचीही गरज नसते. राजाने कॉलवर कॅमेरा बंद ठेवला, राजाने मेलमध्ये ‘डिअर’ न लिहिता नुसतं नाव लिहिलं, राजाने मीटिंगमध्ये एक सुस्कारा सोडला की दल हालतं, आणि राजाला वाटत असतं आपण फक्त श्वास घेतला. खुर्ची वर सरकली की माणसाच्या प्रत्येक बारीकसारीक हालचालीचा आवाज दहापट मोठा होतो आणि तो आवाज फक्त त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, घरात पण टिंब देतेस तू. तो विषय वेगळा आहे, सोडून द्या.

यावर एक प्रयोग झालेला आहे आणि तो मला फार आवडतो, कारण तो कुणालाही अर्ध्या मिनिटात करता येतो. अॅडम गॅलिन्स्की हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी काही लोकांना असा प्रसंग आठवायला लावला की जेव्हा दुसऱ्यावर आपली सत्ता चालत होती, आणि काहींना उलटा, म्हणजे दुसऱ्याची सत्ता आपल्यावर चालत होती तो. मग हातात मार्कर दिला आणि सांगितलं, स्वतःच्या कपाळावर इंग्रजी कॅपिटल ‘ई’ काढा. तो दोन पद्धतींनी काढता येतो. समोरच्याला सरळ वाचता येईल असा, किंवा आपण आतून वाचतोय असा, जो समोरच्याला उलटा दिसतो. ज्यांनी नुकताच सत्तेचा प्रसंग आठवला होता त्यांनी आपल्या बाजूने ‘ई’ काढण्याचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा जवळपास तिप्पट होतं. नीट लक्षात घ्या, ही माणसं काही हुकूमशहा नव्हती, त्यांना फक्त आठवायला सांगितलं होतं. नुसत्या आठवणीने एवढं होत असेल तर रोज सकाळी दहा जणांच्या रजा मंजूर-नामंजूर करणाऱ्या माणसाच्या कपाळावर काय लिहिलेलं असेल?

मी बाथरूमच्या आरशासमोर उभं राहून बोटाने काढून बघितलं. कुठल्या बाजूने आला ते सांगत नाही.

दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणं, ज्याला आपण समानुभूती किंवा सहानुभूती म्हणतो, त्या शब्दांचाही जरा घोळच आहे. सहानुभूती हा शब्द खरं तर चांगला आहे, सह आणि अनुभूती, बरोबरीने अनुभवणं. पण वापरून वापरून तो इतका झिजला की आता ‘मला तुमची सहानुभूती नको’ असंच वाक्य पहिल्यांदा तोंडात येतं, आणि राहिलेली सहानुभूती निवडणुकीच्या लाटेत गेली. इंग्रजीतला ‘एम्पथी’ हा शब्दही तसा ताजाच, एडवर्ड टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये एका जर्मन शब्दावरून तो बनवला, आणि तो मूळ जर्मन शब्द तर चित्र-शिल्प बघताना माणूस त्यात कसा शिरतो त्याबद्दल वापरला जायचा. म्हणजे हे आधी कलेच्या गॅलरीत होतं, तिथून दवाखान्यात आलं आणि आता एचआरच्या स्लाइडवर येऊन बसलंय. आपल्याकडे याला साधं म्हणणं आहे, ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’. फक्त ऑफिसात कुणी कुणाच्या वंशाला जात नाही. दर वर्षी एक ‘तणावमुक्ती’चं वेबिनार होतं, संध्याकाळी साडेसहाला, हजेरी कंपल्सरी.

माझी एक जुनी आठवण आहे, ती टिंबाच्या भानगडीनंतर मला पुन्हा पुन्हा येत राहिली. माझे अगदी पहिले सर. गोड वगैरे अजिबात नव्हते. ‘छान’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून चार वर्षांत दोनदा ऐकला असेल. एकदा मी एका मोठ्या कामात जुन्याच दराने सगळी गणितं केली आणि ती पुढे गेली. मला रात्री लक्षात आलं, झोप नाही, सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन त्यांच्या केबिनबाहेर उभी राहिले. ते आले, मी सांगितलं, रडतच असणार. त्यांनी विचारलं, “किती पानं?” मी म्हटलं चाळीसेक. ते उठले, माझ्या डेस्कशेजारची खुर्ची ओढली आणि बसले. “तू वाच, मी टिक करतो.” दुपारी तीनपर्यंत आम्ही बसलो होतो. मध्ये त्यांना तीनदा बोलावणं आलं आणि तिन्ही वेळा ते म्हणाले, “थोड्या वेळाने येतो, इथे एक काम निघालंय.” इथे एक काम निघालंय. ‘हिने एक घोळ घातलाय’ असं नाही म्हणाले. नंतर क्लायंटशी बोलताना पण ‘आमच्याकडून चूक झाली’ एवढंच.

आणि मग सगळं संपल्यावर, मी जरा सैलावले आहे हे बघून, त्यांनी मला स्पष्ट सांगितलं की तू दर बदलल्याचं सर्क्युलर उघडलंच नव्हतंस, आणि तू घाईत असलीस की खाली लिहिलेलं वाचत नाहीस, ही तुझी सवय आहे, ही आज तीन वाजेपर्यंत दोन माणसांना महागात पडली, पुढे जास्त माणसांना पडेल. बस. आवाज तोच, ‘किती पानं’ विचारतानाचा.

मला ते लागलं. पण गंमत म्हणजे त्यानंतर माझ्याकडून काही बिघडलं की पहिला विचार यायचा तो ‘सरांना सांगू या’ असा, ‘सरांना कळलं तर’ असा नाही. त्यांच्याबद्दल ‘प्रेमळ’ हा शब्द त्या ऑफिसात कुणीच वापरला नसता. कडक माणूस म्हणूनच ख्याती होती.

त्यांच्यानंतरचे एक साहेब बरोबर उलटे. वाढदिवस पाठ, घरच्यांची नावं पाठ, ‘आपण सगळे एक फॅमिली आहोत’ हे महिन्यातून एकदा. मग एका वर्षी माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा फॅमिलीतल्या सहा जणांना व्हिडिओ कॉलवर एचआरने लिहून दिलेला कागद वाचून दाखवला, पाच-पाच मिनिटं प्रत्येकी, आणि साहेब स्वतः आठवडाभर ‘टूरवर’. त्यांना वाईट वाटलं नसेल असं मी म्हणत नाही. उलट इतकं वाईट वाटलं असणार की समोर जाववलं नाही. नेमका तोच तर प्रॉब्लेम आहे.

हा प्रॉब्लेम माझाही आहे, आणि त्या अकरा दिवसांपेक्षा तो मला जास्त टोचतो. आमच्या टीममध्ये माझ्याच वयाची एक होती, आम्ही अगं-तुगं करायचो. कष्टाळू, पण तिचे रिपोर्ट विस्कळीत असायचे. मुद्दा कुठे आहे ते शोधावं लागायचं, क्लायंटचे लोक कंटाळायचे, मला वेगळा फोन करून विचारायचे की याचा अर्थ काय. मी दर वेळी तिला म्हणायचे, “छान झालंय गं, फक्त जरा सुटसुटीत कर.” आणि रात्री बसून स्वतः तो रिपोर्ट सरळ करायचे. दोन वर्षं. मला वाटायचं मी तिला सांभाळून घेतेय. तिच्या घरी त्या काळात बरंच चाललं होतं, ते मला माहीत होतं, त्यामुळे तर मी अजूनच मऊ झाले. मग एका अप्रेझलला वरून प्रश्न आला, प्रमोशनच्या यादीत हिचं नाव का नाही, कारण लिहा. मी लिहिलं. तेच सगळं लिहिलं, जे दोन वर्षांत तिला एकदाही तोंडावर बोलले नव्हते.

तिने ते स्क्रीनवर वाचलं. माझ्यासमोर बसून वाचलं, आधी भराभर आणि मग परत वरून सावकाश. मला वाटलं रडेल किंवा भांडेल. ती म्हणाली, “हे तुला कधीपासून माहीत होतं?”

मी काहीतरी पुटपुटले.

“दोन वर्षांत मी कोर्स केला असता गं. काहीतरी केलं असतं. तू मला चान्सच दिला नाहीस.”

ती पुढे पाच महिन्यांनी दुसरीकडे गेली. सेंड-ऑफला आमचा दोघींचा फोटो आहे, त्यात ती छान हसतेय. मला तो फोटो बघवत नाही. मी तिच्याशी जे वागले ते चांगुलपणाचं होतं असं मला आता अजिबात वाटत नाही, मला फक्त तिचा पडलेला चेहरा बघायचा नव्हता, आणि माझ्या त्या सोयीचे पैसे तिने भरले.

म्हणून मला आता असं वाटतं, आणि हे मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं नाही, की साहेब चांगला आहे की नाही हे बघायचं असेल तर वाईट बातमी कशी जाते ते बघावं. खालून वर किती लवकर येते आणि वरून खाली किती लवकर जाते. त्या मुलाची बातमी माझ्यापर्यंत यायला अकरा दिवस लागले, माझी बातमी तिच्यापर्यंत जायला दोन वर्षं लागली. दोन्हीकडे रस्ता मीच अडवून बसले होते, एकीकडे टिंबाने आणि दुसरीकडे ‘छान झालंय गं’ने. सरांच्या हाताखाली असताना माझी बातमी एका रात्रीत वर गेली होती आणि त्यांची दुपारी तीनला खाली आली होती.

एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापिकेचं सगळं नाव ज्या गोष्टीवर झालं तिची सुरुवात अशाच एका उलट्या निकालातून झाली. त्या नव्वदच्या दशकात दवाखान्यातल्या नर्सिंग युनिटांवर काम करत होत्या, औषधं देताना होणाऱ्या चुका मोजायच्या आणि टीम किती चांगली चालते तेही मोजायचं. अपेक्षा साधी, चांगल्या टीमच्या चुका कमी. आकडे आले ते नेमके उलटे, ज्या टीममध्ये नेतृत्व चांगलं, माणसं एकमेकांशी नीट, तिथे चुका जास्त! कल्पना करा, एवढा अभ्यास करून हातात हे. मग त्यांच्या डोक्यात आलं की त्या चुका जास्त करत नसतील, सांगत जास्त असतील. खात्री करायला त्यांनी एका सहायकाला, ज्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं, त्या युनिटांमध्ये नुसतं बघायला पाठवलं, आणि त्याला तेच दिसलं. काही ठिकाणी नर्स मोकळेपणाने चुकीबद्दल बोलत होत्या आणि काही ठिकाणी गप्प होत्या. हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि १९९९ च्या पेपरमध्ये त्यांनी त्याला मानसिक सुरक्षितता या अर्थाचं नाव दिलं, जे आज प्रत्येक कॉर्पोरेट पोस्टरवर आहे.

मला त्या गप्प युनिटांचा विचार येतो. त्यांच्या प्रमुखांच्या टेबलावर दर महिन्याला एकदम स्वच्छ कागद जात असणार. चुका शून्य. ते खूश असणार. माझी टोटल पण जुळत होती की.

फोर्ड कंपनीची गोष्ट पण याच जातीची आहे. अॅलन मुलाली तिथे सप्टेंबर २००६ मध्ये बाहेरून, बोइंगमधून, सीईओ म्हणून आले, आणि त्या वर्षी कंपनीचा तोटा होता १२.७ अब्ज डॉलर. त्यांनी दर गुरुवारी सगळ्या बड्या अधिकाऱ्यांची मीटिंग सुरू केली, प्रत्येकाने आपापल्या कामाचे तक्ते आणायचे, ठीक असेल तर हिरवा रंग, डळमळीत असेल तर पिवळा, बिघडलं असेल तर लाल. आठवड्यामागून आठवडे सगळे तक्ते हिरवेगार. शेवटी त्यांनी विचारलं की आपण अब्जावधी डॉलर गमावतोय, काहीच बिघडलेलं नाही का? मग एका गुरुवारी मार्क फील्ड्स यांनी लाल तक्ता आणला, एज नावाच्या नव्या गाडीत काहीतरी भानगड निघाली होती आणि त्यांनी गाडीचं लाँच थांबवलं होतं. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, गेला हा. मुलालींनी टाळ्या वाजवल्या. आणि लगेच विचारलं, याला कोण मदत करू शकेल? दोघातिघांनी तिथल्या तिथे हात वर केला. तरी पुढच्या आठवड्यात बाकीचे तक्ते हिरवेच, लोक बघत होते की फील्ड्स अजून नोकरीवर आहेत का. ते आहेत हे दिसल्यावर हळूहळू तक्त्यांना रंग चढायला लागले.

या गोष्टीत लोकांना टाळ्या लक्षात राहतात. मला तो मधला आठवडा जास्त खरा वाटतो. एकदा टाळ्या वाजवून कुणाचा विश्वास बसत नाही, माणसं थांबून बघतात.

कारण मी पण वाजवल्या की टाळ्या. टिंब प्रकरणानंतर दुसऱ्याच सोमवारी मीटिंगमध्ये जाहीर केलं, आजपासून ज्याची चूक असेल त्याने बिनधास्त सांगायचं, मी काही म्हणणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या आठवड्यात चुका किती आल्या? शून्य. हिरवेगार!

मग मी प्रत्येकाबरोबर महिन्यातून दोनदा अर्धा तास बसायला लागले. पहिल्या महिन्यात ते अर्धे तास म्हणजे तोंडी परीक्षा. मी पाच प्रश्न लिहून न्यायचे, ते पाच उत्तरं द्यायचे, ‘ऑल गुड मॅडम’. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात २० हजारांहून जास्त कामगारांशी असं बसून बोलण्याचा एक प्रचंड कार्यक्रम झाला होता, तिथेही आधी ठरलेले प्रश्न होते आणि माणसं सारखी विषय सोडून भलतंच बोलायला लागायची. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांनी प्रश्नच सोडून दिले, म्हटलं ठीक आहे, तुम्हाला काय बोलायचंय ते बोला, आणि खरं काय ते तिथून कळायला लागलं. मी पण कागद न्यायचा बंद केला. पहिली दहा मिनिटं भयाण शांतता असते, ती सहन करावी लागते, माझ्यासारख्या बडबड्या बाईला तर फारच. आणि विसाव्या मिनिटाला, उठता उठता, दाराच्या हँडलवर हात ठेवून माणूस म्हणतो, “मॅडम, एक छोटीशी गोष्ट होती.” ती कधीही छोटी नसते.

यात दुसरा खड्डा पण आहे. सगळ्यांचं सगळं ऐकायला लागल्यावर तीन-चार महिन्यांत मीच पिचले. एकाची आई आजारी, एकीचं लग्न मोडायला आलेलं, एकाला रात्री झोपच येत नाही, आणि मी हे सगळं घरी घेऊन यायचे, रात्री दोनला जागी. मेंदूवर काम करणाऱ्या तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी दाखवलंय की दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं स्वतःत ओढून घेणं आणि त्याच्याबद्दल माया वाटणं, त्याचं बरं व्हावं असं वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा सराव केला की माणूस खचतो, दुसरीचा केला की त्याला जरा बळ येतं, आणि मेंदूतले भागही वेगवेगळे जागे होतात. मला हे वाचून सरांची खुर्ची आठवली. ते माझ्याबरोबर रडले नव्हते. त्यांनी विचारलं होतं, किती पानं.

आणि वेळ. याबद्दल कुणी बोलत नाही, सगळे स्वभावाबद्दल बोलतात, ‘त्यांचा स्वभावच चांगला’. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा, प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्यायचं होतं, त्यातल्या काहींचा विषय तर चक्क रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस दारात वाकून, खोकत, कण्हत बसवलेला. ज्यांना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे त्यातले ६३ टक्के थांबले. ज्यांना सांगितलं होतं की तुम्हाला उशीर झालाय, पळा, त्यातले १० टक्के. भाषणाचा विषय काय होता याने फारसा फरकच पडला नाही. फरक पडला तो घाईने.

हे वाचलं त्या दिवशी मी माझं कॅलेंडर उघडून बघितलं. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, मीटिंगला मीटिंग चिकटलेली, मध्ये श्वासाएवढी पण फट नाही. मी रोज भाषण द्यायला पळणारी विद्यार्थिनी होते आणि वाटेत जो कुणी कण्हत असेल त्याला चालता चालता ‘ओके’ लिहीत होते. टिंब बहुतेक त्या घाईतूनच आलं असावं. किंवा ही पण सारवासारव असेल, माहीत नाही. आता दुपारी एक तास मी काहीच ठेवत नाही. वरून विचारणा झाली होती की हा तास कशाचा ब्लॉक आहे, मी ‘पेंडिंग वर्क’ असं लिहून ठेवलंय. खोटं नाही ते.

परवाची गोष्ट. क्लायंट कॉलला चार मिनिटं बाकी असताना त्याच मुलाचा मेसेज आला, “मॅडम, फाइलमध्ये घोळ झालाय माझ्याकडून. आत्ताच दिसला. बोलू का?” आत्ताच, हे मी दोनदा वाचलं. कॉल सोडण्यासारखा नव्हता. मी ‘ओके’ टाइप केलं, खोडलं, मग लिहिलं, “कॉल संपला की तुझ्याकडेच येते, तोवर ती फाइल कुणाला पाठवू नकोस आणि टेन्शन घेऊ नकोस.” कॉल लांबला, पाऊण तास गेला. संपल्या संपल्या मी त्याच्या डेस्कपाशी गेले तर शेजारची मुलगी आधीच खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसली होती, ती वाचत होती आणि हा टिक करत होता.

“झालंय मॅडम ऑलमोस्ट,” तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. “तुम्ही जा, तुमची पुढची मीटिंग असेल.”

पुढची मीटिंग नव्हती, तो माझा रिकामा तास होता. मी जरा वेळ तिथेच उभी राहिले. मग विचारलं, किती पानं राहिलीत.